सुटकेविरुद्ध सरकारचें अपील

खुनाच्या खटल्यांत न्यायाधीशांनीं आरोपीस निर्दोष ठरविलें म्हणजे खटला संपला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आरोपी घरीं जातो, साक्षीदार आपापल्या उद्योगाला लागतात, वर्तमानपत्रांना दुसरा विषय मिळतो. परंतु आपल्या देशांतील कायद्याप्रमाणें तो शेवट असतोच असें नाहीं. शिक्षा झालेल्या आरोपीस ज्याप्रमाणें वरिष्ठ कोर्टाकडे दाद मागतां येते, त्याचप्रमाणें सुटलेल्या आरोपीविरुद्ध सरकारलाही दाद मागतां येते. सत्ता, पैसा, पोलीस आणि वकील ज्याच्या दिमतीला आहेत तें सरकार एका बाजूला, आणि एकदां सुटलेला एकटा माणूस दुसऱ्या बाजूला, असा हा विलक्षण सामना असतो. त्यांतून खून लहान मुलांचा असेल तर लोकांचा सारा क्षोभ सरकारच्या पाठीशीं उभा राहतो. अशा वेळीं न्यायाधीशानें काय करावें? हा प्रश्न आपल्याकडे दीडशें वर्षें चालत आलेला आहे. आणि त्याची फार कठीण परीक्षा दिल्लीजवळच्या निठारी या गांवच्या प्रकरणांत झाली. तो इतिहास आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

या अधिकाराचें मूळ इंग्लंडांत शोधूं गेल्यास तें तेथें सांपडत नाहीं. तेथील जुन्या रूढीप्रमाणें ज्यूरीनें एकदां ‘निर्दोष’ हा शब्द उच्चारला कीं राजाचीही वाट खुंटे. एकाच आरोपाखालीं माणसाचा जीव दोनदां टांगणीला लावूं नये, हें त्यामागील तत्त्व. आपल्याकडे १८६१ सालीं फौजदारी कामकाजाचा जो कायदा झाला त्यानेंही हेंच तत्त्व उचललें होतें. सुटकेच्या निकालावर अपील नाहीं, असें त्यांत स्पष्ट होतें. अकरा वर्षांनीं, १८७२ च्या कायद्यानें, हा नियम पालटला आणि सरकारला अशा निकालावर हायकोर्टांत अपील करण्याची मुभा मिळाली. १८८२ व १८९८ च्या कायद्यांनीं ती पुढें चालविली.

हा फरक समजून घ्यावयाचा तर त्या काळचें जिल्ह्याचें कोर्ट डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांत ज्यूरी बसे. पण बहुतेक जिल्ह्यांतून सेशन्स जज्ज एकटाच निकाल देई. त्याच्या शेजारीं असेसर म्हणून कांहीं गृहस्थ बसत व आपलें मत सांगत. परंतु तें मत मानलेंच पाहिजे असें बंधन जज्जावर नसे. बारा पंचांच्या तोंडून निघालेल्या निकालाला इंग्लंडांत जी पवित्रता होती, ती एका अधिकाऱ्याच्या निकालाला कशी यावी? शिक्षा देतांना त्याची चूक होऊं शकते, म्हणून आरोपीला अपील. मग सोडून देतांनाही त्याची चूक होऊं शकते, ती कोणीं तपासावी? या प्रश्नाला सरकारचें अपील हें उत्तर होतें, आणि तें वाटतें तितकें जुलमी नव्हतें.

त्याच १८७२ सालीं दुसराही एक कायदा अस्तित्वांत आला. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या हातचा तो पुराव्याचा कायदा. पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करतां येणार नाहीं, आणि पोलिसांच्या ताब्यांत असतांना दिलेला कबुलीजबाब मॅजिस्ट्रेटसमक्ष झालेला असल्यावांचून चालणार नाहीं, असें त्यांत ठरलें. याला अपवाद एकच. आरोपीनें दिलेल्या माहितीमुळें एखादी वस्तु खरोखर सांपडली, तर त्या शोधाशीं निगडित असलेला त्याच्या बोलण्याचा तेवढाच भाग पुराव्यांत घेतां येतो. सत्ताविसावें कलम म्हणून वकीलमंडळींच्या तोंडीं असलेला नियम तो हाच. परक्या सरकारलाही आपल्याच पोलिसांचा कितपत भरंवसा वाटत होता, हें यावरून दिसून येतें. १८७२ या वर्षानें सरकारच्या एका हातांत अपिलाचें शस्त्र दिलें, आणि दुसऱ्या हाताला कबुलीजबाबाच्या बाबतींत लगाम घातला. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कामकाजाचे व पुराव्याचे कायदे नव्या नांवांनीं आले आहेत. हीं तत्त्वें मात्र त्यांतही कायम आहेत. निठारीच्या प्रकरणांत या दोन धाग्यांचीच गांठ पडली, म्हणून हें आधीं सांगितलें.

अपिलाचा अधिकार मिळाला, पण तो हायकोर्टानें कोणत्या वृत्तीनें चालवावा? कांहीं न्यायाधीश म्हणत, खालच्या जज्जाचा निकाल अगदींच विपरीत असल्याखेरीज त्याला हात लावूं नये. दुसरे म्हणत, अपील तें अपील. सगळा पुरावा नव्यानें तोलावा. हा वाद १९३४ सालीं लंडनमध्यें प्रिव्ही कौन्सिलपुढें आला. शिव स्वरूप विरुद्ध बादशहा या नांवानें तो खटला प्रसिद्ध असून तो अलाहाबाद हायकोर्टांतून गेलेला होता. लॉर्ड रसेल ऑफ किलोवेन यांनीं निकालांत जें सांगितलें त्याचा आशय असा: हायकोर्टाला सर्व पुरावा पुन्हां तपासण्याचा पूर्ण अधिकार आहे, परंतु तो वापरतांना चार गोष्टी मनांत वागवाव्या. साक्षीदारांच्या खरेपणाविषयीं खालच्या जज्जाचें मत काय आहे, तें पहावें. आरोपी निर्दोष आहे असें कायदा आधींच गृहीत धरतो. तो एकदां सुटला म्हणून तें गृहीत दुबळें होत नाहीं. संशयाचा फायदा मिळण्याचा त्याचा हक्क कायम असतो. आणि ज्यानें साक्षीदारांना प्रत्यक्ष पाहिलें व ऐकलें, त्या जज्जाचा निष्कर्ष फिरविण्याची घाई करूं नये. हीं चार वाक्यें पुढें स्वतंत्र भारताच्या न्यायालयांनींही आपलींच मानलीं.

याची दुसरी बाजूही लक्षांत ठेवली पाहिजे, आणि ती आपल्या महाराष्ट्रांतील एका खुनाच्या खटल्यांत सांगितली गेली. सेशन्स कोर्टानें सोडलेल्या आरोपींना मुंबई हायकोर्टानें दोषी ठरविलें होतें. १९७३ सालीं तें प्रकरण सुप्रीम कोर्टांत आलें, तेव्हां न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं हायकोर्टाचा निर्णय उचलून धरला. संशयाचा फायदा हें व्रत म्हणून पाळावें, पण त्याचें अवडंबर माजवूं नये. गुन्हेगार सहज सुटूं लागले तर लोकांचा कायद्यावरील विश्वास उडतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. मात्र त्याच निकालांत त्यांनीं हेंही बजावलें कीं, आरोपी दोषी ‘असूं शकेल’ आणि दोषी ‘असलाच पाहिजे’ या दोहोंतील अंतर मोठें आहे, आणि तें अंतर तर्कानें नव्हे तर पुराव्यानें ओलांडावयाचें असतें. त्याच साली मंजूर झालेल्या नव्या फौजदारी कामकाजाच्या कायद्यानें सरकारच्या अपिलाला हायकोर्टाच्या पूर्वपरवानगीची अट घातली. १९५५ च्या दुरुस्तीनें खासगी फिर्यादीला, आणि २००९ अखेर अमलांत आलेल्या दुरुस्तीनें खुद्द पीडितांनाही, सुटकेविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग मिळालेला आहे.

आतां निठारीकडे वळूं. उत्तर प्रदेशांतील नोएडा हें नव्यानें वसलेलें शहर वाढतां वाढतां ज्या खेड्यांना वेढून बसलें त्यांपैकीं निठारी हें एक. एका बाजूला सेक्टर ३१ मधील सुखवस्तु लोकांचे बंगले, आणि लगतच बंगाल, बिहार वगैरे प्रांतांतून पोटामागें आलेल्या मजुरांचीं व घरकाम करणाऱ्या बायांचीं दाटीवाटीचीं घरें. २००५ व २००६ या दोन वर्षांत या गरिबांचीं मुलें एकामागून एक नाहींशीं होऊं लागलीं. आईबाप पोलीस चौकीवर जात. तेथें त्यांना कित्येकदां सांगण्यांत येई कीं, मूल कोठें तरी पळून गेलें असेल, मुलगी कोणाबरोबर तरी गेली असेल. ज्याच्यापाशीं शिफारस नाहीं व ज्याला नीट अर्जही लिहितां येत नाहीं, अशा बापाचें बोलणें दप्तरांत उतरत नसे. सगळ्या कथेंतील पहिला आणि, माझ्या मतें, सर्वांत मोठा अन्याय येथें झाला. आणि पुढील कोणत्याही कोर्टाला तो भरून काढतां आला नाहीं.

डिसेंबर २००६ मध्यें एका बेपत्ता तरुणीच्या तपासाचा धागा पोलिसांना डी-५ या बंगल्यापर्यंत घेऊन गेला. २९ डिसेंबर रोजीं बंगल्याच्या मागील मोकळ्या जागेंत व पुढील नाल्यांत मानवी कवट्या व हाडें सांपडल्याची बातमी देशभर पसरली. बंगल्याचा मालक व त्याचा घरगडी या दोघांना अटक झाली. लोक इतके खवळले कीं, बंगल्यापुढें जमावाला आवरणें कठीण झालें. जानेवारी २००७ मध्यें तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सी. बी. आय. कडे, गेला. तक्रारींकडे दुर्लक्ष करणाऱ्या कांहीं पोलिसांवर निलंबनाची व बडतर्फीची कारवाई झाली. एकूण १९ प्रकरणें नोंदलीं गेलीं. त्यांतील १६ प्रकरणांत आरोपपत्रें दाखल झालीं आणि ३ पुराव्याअभावीं मिटविण्यांत आलीं.

खटले गाझियाबादच्या विशेष न्यायालयांत चालले. पहिला निकाल १३ फेब्रुवारी २००९ रोजीं लागला आणि दोघांनाही फाशीची शिक्षा झाली. त्याच वर्षीं सप्टेंबरमध्यें अलाहाबाद हायकोर्टानें मालकास त्या प्रकरणांतून सोडलें व गड्याची फाशी कायम केली. फेब्रुवारी २०११ मध्यें सुप्रीम कोर्टानेंही ती कायम केली. राष्ट्रपतींनीं २०१४ मध्यें दयेचा अर्ज फेटाळला. सप्टेंबर २०१४ मध्यें मेरठच्या तुरुंगांत फाशीची तयारी झाली असतां, सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींनीं मध्यरात्र उलटल्यावर अर्ज ऐकून स्थगिती दिली. पुढें २८ जानेवारी २०१५ रोजीं, दयेच्या अर्जाचा निकाल लावण्यास अक्षम्य विलंब झाला या कारणास्तव, हायकोर्टानें त्या फाशीचें जन्मठेपेंत रूपांतर केलें. इकडे गाझियाबादेस उरलेल्या प्रकरणांचे निकाल लागतच होते, आणि गड्याच्या नांवावर फाशीच्या आणखी बारा शिक्षा जमा झाल्या. मालकाच्या नांवावरही आणखी दोन होत्या.

हीं सर्व अपिलें अलाहाबाद हायकोर्टांत एकत्र चालून १६ ऑक्टोबर २०२३ रोजीं त्यांचा निकाल लागला. न्यायमूर्ति अश्विनीकुमार मिश्र व न्यायमूर्ति सय्यद आफताब हुसेन रिझवी यांनीं बाराही प्रकरणांत गड्यास आणि दोन प्रकरणांत मालकास निर्दोष सोडलें. देश चकित झाला. सतरा वर्षें ज्यांना नराधम म्हणून ओळखलें ते निर्दोष कसे?

याचें उत्तर त्या निकालांत सविस्तर आहे, आणि तें वाचतांना १८७२ सालची आठवण होते. सरकारपक्षाचा पुरावा मुख्यतः दोन खांबांवर उभा होता. पहिला, गड्याचा कबुलीजबाब. तो १ मार्च २००७ रोजीं दिल्लीच्या मॅजिस्ट्रेटपुढें नोंदला गेला, म्हणजे वरवर पाहतां कायद्याची अट पुरी झाली. पण त्यापूर्वीं तो माणूस सुमारें साठ दिवस पोलिसांच्या ताब्यांत होता. त्या मुदतींत त्याची वैद्यकीय तपासणी झाल्याचा पुरावा नव्हता. त्याला वकिलाची खरीखुरी मदत नव्हती. आणि आपला छळ झाला असें तो त्या जबाबांतच सांगत होता. अशा कबुलीला स्वेच्छेची म्हणावी कशी? दुसरा खांब, सत्ताविसाव्या कलमाखालीं सांपडलेलीं हाडें व वस्तु. पण आरोपीनें नक्की काय सांगितलें, केव्हां सांगितलें, कोणासमक्ष सांगितलें, याची त्याच वेळीं केलेली नीट नोंद नव्हती. माहिती एकट्या गड्यानें दिली कीं दोघांनीं मिळून, याविषयीं सरकारपक्षाची भूमिकाच पालटत गेली होती. शिवाय जी जागा उघडी होती, जेथें लोकांचा राबता होता, आणि जेथें हाडें आहेत हें आधींच कर्णोपकर्णीं झालेलें होतें, तेथें सांपडलेल्या वस्तूचा शोध आरोपीच्या सांगण्यामुळें लागला असें म्हणतां येत नाहीं. आणखी एक गोष्ट. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्यानें नेमलेल्या समितीनें, या हत्यांमागें अवयवांचा व्यापार तर नाहीं ना, हें तपासण्याची शिफारस केली होती. ती दिशा नीटपणें धुंडाळलीच गेली नाहीं, आणि गरीब नोकरास राक्षस ठरविण्याचा सोपा मार्ग तपास करणारांनीं पत्करला, असा ठपका हायकोर्टानें ठेवला.

या सुटकेविरुद्ध सी. बी. आय., उत्तर प्रदेश सरकार आणि मृत मुलांचे कांहीं आप्त सुप्रीम कोर्टांत गेले. ३० जुलै २०२५ रोजीं सरन्यायाधीश भूषण गवई, न्यायमूर्ति सतीशचंद्र शर्मा व न्यायमूर्ति विनोद चंद्रन यांच्यापुढें या चौदा अपिलांचा निकाल लागला. चौदाही अपिलें फेटाळण्यांत आलीं. ज्या जागेचें ज्ञान केवळ आरोपीलाच असूं शकेल तेथून वस्तु मिळाली तरच सत्ताविसावें कलम लागूं होतें, आणि हायकोर्टाच्या निष्कर्षांत विपरीत असें कांहीं आढळत नाहीं, असें कोर्टानें सांगितलें. लॉर्ड रसेल यांच्या चार गोष्टींचेंच तें एक्याण्णव वर्षांनंतरचें प्रतिध्वनि होतें.

येथें एक विचित्र परिस्थिति उत्पन्न झाली. एकच कबुलीजबाब आणि एकाच प्रकारचा शोध बारा प्रकरणांत टाकाऊ ठरला. पण तेराव्या, म्हणजे सर्वांत पहिल्या प्रकरणांत, त्याच पुराव्यावर दिलेली शिक्षा सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या निकालामुळें अद्याप उभीच होती. अंतिम निकालही क्वचित् प्रसंगीं दुरुस्त करतां यावा म्हणून सुप्रीम कोर्टानें २००२ सालीं एक अगदीं अरुंद वाट मोकळी ठेवलेली आहे. तिला ‘क्युरेटिव्ह’ अर्ज म्हणतात. त्या वाटेनें हें प्रकरण पुन्हां आलें. ११ नोव्हेंबर २०२५ रोजीं सरन्यायाधीश गवई, न्यायमूर्ति सूर्यकांत व न्यायमूर्ति विक्रम नाथ यांनीं तीही शिक्षा रद्द केली आणि त्या माणसाच्या सुटकेचा हुकूम दिला. एकाच पुराव्याचें दोन तराजूंत दोन प्रकारचें वजन भरूं शकत नाहीं, हा त्याचा मथितार्थ. खोदकाम सुरू होण्यापूर्वीं जागेचा बंदोबस्त झाला नाहीं, आरोपीचें सांगणें वेळींच लिहून घेतलें गेलें नाहीं, कागदपत्रांत एकमेकांशीं न जुळणाऱ्या हकीगती होत्या, हे दोष कोर्टानें पुन्हां नमूद केले. आणि इतक्या वर्षांच्या तपासानंतरही खरा अपराधी कोण हें कायद्याला मान्य होईल अशा रीतीनें सिद्ध झालें नाहीं, याबद्दल खेद व्यक्त केला.

श्रोतेहो, या निकालानें कोणाचें समाधान झालें? ज्या मातेची मुलगी गेली तिचें झालेलें नाहीं. ती विचारते, हे नव्हेत तर मग कोण? तिच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचें अपिलाच्या कोर्टाच्या हातीं नाहीं. अपील म्हणजे समोर आलेल्या कागदांची परीक्षा. त्या कागदांत जें कधीं उतरलेंच नाहीं, जी तक्रार चौकीवरून परत पाठविली, ज्या जागेवर पहारा बसविला नाहीं, जी तपासणी वेळेवर झाली नाहीं, तें वीस वर्षांनंतर दिल्लींतील अत्यंत विद्वान् न्यायाधीशालाही निर्माण करतां येत नाहीं. खुनाचा न्याय पहिल्या आठ दिवसांत घटनास्थळीं मिळतो किंवा हुकतो. पुढचीं सारीं वर्षें त्याचा हिशोब मांडण्यांत जातात.

कित्येकांना वाटतें कीं, अशा भयंकर गुन्ह्यांत तरी कोर्टानें पुराव्याच्या बारकाव्यांत शिरूं नये. त्यांनीं सप्टेंबर २०१४ मधील ती रात्र आठवावी. त्या रात्रीं दोर ओढला गेला असता, तर अकरा वर्षांनीं टाकाऊ ठरलेल्या पुराव्यावर एका माणसाचा जीव गेला असता. प्रकरण ‘मिटलें’ असें आपण सर्वांनीं मानलें असतें, आणि तपासांतील उणीवा त्याच्याबरोबर कायमच्या पुरल्या गेल्या असत्या. गुन्हा जितका घोर तितका लोकांचा राग मोठा, आणि राग जितका मोठा तितकी पोलिसांवर कोणाला तरी उभें करण्याची घाई अधिक. म्हणूनच पुराव्याचा काटा अशा खटल्यांतच अत्यंत स्थिर राहिला पाहिजे.

सुटकेविरुद्ध अपील करण्याचा सरकारचा अधिकार असावा कीं नसावा, याबद्दल मतभेद होऊं शकतील. माझ्या मतें तो असावा. खालच्या कोर्टाच्या चुकीनें खुनी मोकळा फिरावा, हें कोणालाच नको आहे. पण त्या अधिकाराबरोबर एक कर्तव्यही येतें. जें सरकार सुटलेल्या माणसाला पुन्हां कोर्टांत उभें करूं इच्छितें, त्यानें प्रथम गरीब बापाची तक्रार ऐकून ती त्याच दिवशीं लिहून घेतली पाहिजे. निठारीच्या आईबापांनीं सरकारच्या दारांत प्रथम पाऊल टाकलें तें चौकीच्या पायरीवर, सुप्रीम कोर्टाच्या नव्हे. त्या पायरीवर त्यांची दाद लागली असती, तर कदाचित् कित्येक मुलें वांचलीं असतीं, आणि या अपिलांची वेळच आली नसती.